ध्येयं आम्हाला पाठ, हिशोब कुणाला माफ?



या अंकात आम्ही नुसतं जमिनीवरच लिहिणार होतो. एकसाली प्लॉटच्या दाव्यांची हकिगत पुढच्या पानावर आहेच. पण मागच्या महिन्यात आम्ही चार-पाच जण तापानं फणफणलेल्या एका पोराला झोळीत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, आणि तिथं जे ऐकलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की एका डॉक्टरची बदली होते आणि बाकी सगळं तसंच राहतं. आणि ही गोष्ट एका दवाखान्याची नाहीच.

बाजाराचा दिवस होता. पडवीत आणि बाहेर झाडाखाली पुष्कळ माणूस बसलेलं. केसपेपर काढायला सुरुवात व्हायच्या आधी वरच्या ऑफिसातून आलेले एक साहेब पुढं आले. भिंतीवर रंगीत तक्ता टांगला, हातात पट्टी घेतली आणि म्हणाले, आज आपण राष्ट्रीय आरोग्याची ध्येयं शिकू या. सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य. जन्मदर २१. मृत्युदर ९. बालमृत्यू ६० च्या खाली. शंभरातली ६० जोडपी कुटुंबनियोजन करणारी. सांगून झाल्यावर सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, शाळेत पाढे म्हणवतात तसं. मांडीवर तापलेली पोरं, पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारतायत, आणि आया म्हणतायत, "जन्मदर एकवीस."

एका डोकरीनं विचारलं, "साहेब, ती साठ कोन?"

साहेब म्हणाले, "आजी, हजार मुलं जन्माला आली तर वर्षाच्या आत साठपेक्षा कमी मरावीत, असं ध्येय आहे."

डोकरी म्हणाली, "मंग ती साठ कुठली धरलीत? आमच्याच पाड्यातली का?"

लोक हसले. साहेबही हसले. पण उत्तर काही दिलं नाही. पट्टी पुढच्या ओळीवर गेली. डोकरीनं थट्टा केली नव्हती. तिची दोन नातवंडं वर्षाच्या आत गेलेली आहेत. आम्हाला ते माहीत होतं, साहेबांना नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की डोकरीला उत्तर द्यायचं. साहेबांनी नाही दिलं तर आपण शोधायचं. आमच्यातले दोघं-तिघं बारावीपर्यंत शिकलेले. संघटनेतल्या शहरातल्या मित्रांनी कागद मिळवून दिले. ते वाचले, आणि जे सापडलं ते इथं लिहितो.

पहिली गोष्ट साफ सांगतो. पेशंटला ध्येयं शिकवू नका, असं आमचं म्हणणं नाही. शिकवा. जरूर शिकवा. पण पुरी शिकवा. तक्त्यावर जे होतं ते अर्धं होतं. आणि ते अर्धं कुठलं निवडलं, हे बघण्यासारखं आहे.

ही ध्येयं आली कुठून?

१९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या कझाकस्तानात आल्मा-आटा नावाच्या शहरात जगातल्या १३४ देशांची परिषद भरली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती बोलावली. सन २००० पर्यंत जगातल्या सर्व माणसांना नीट जगता येईल, काम करता येईल इतकं आरोग्य मिळालं पाहिजे, असं तिथं ठरलं. भारत सरकारनंही ते मान्य केलं. मग १९८३ साली सरकारनं राष्ट्रीय आरोग्य धोरण काढलं. साहेबांच्या तक्त्यावरचे आकडे त्या धोरणातले आहेत.

आता बघा. हे ध्येय कुणी मान्य केलं? आपल्या डोकरीनं की सरकारनं? ज्यानं मान्य केलं, देणं त्याच्या डोक्यावर. सावकाराच्या वहीत अंगठा आपण केला तर देणं आपलं, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या शिकवलंय. मग इथं अंगठा सरकारचा आहे आणि वसुली आपल्याकडून, हा कुठला न्याय?

आल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात असंही लिहिलंय की आरोग्याची कामं ठरवण्यात आणि चालवण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्य आहे. दोन्ही शब्द आहेत. तक्त्यावर नुसती कर्तव्यं होती. उकळून पाणी प्या, लस टोचा, वेळेवर या, दोनवर थांबा. हक्काची एक ओळ नव्हती.

तक्त्यावर काय नव्हतं?

सरकारनं स्वतःवर घातलेली ध्येयंही कागदावर आहेत. ती आता आम्ही शिकवतो. हे पान जपून ठेवा.

डोंगरी आणि आदिवासी भागात दर ३,००० लोकांमागं एक उपकेंद्र पाहिजे. सपाटीवर ५,००० मागं एक चालतं, आपल्याकडं ३,००० मागं एक. त्यात एक नर्स आणि एक पुरुष कर्मचारी.

दर २०,००० लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथं डॉक्टर आणि पेशंटला ठेवून घ्यायला खाटा. सपाटीवर हे माप ३०,००० चं आहे.

दर ८०,००० लोकांमागं ३० खाटांचा मोठा दवाखाना. त्यात ऑपरेशनचा डॉक्टर, बाळंतपणाचा डॉक्टर आणि लहान पोरांचा वेगळा डॉक्टर.

१९७७ च्या योजनेप्रमाणं हजार लोकवस्तीमागं गावातलाच एक आरोग्य रक्षक नेमायचा होता, महिना ५० रुपयांवर.

आणि १९८३ च्या त्याच धोरणात, ज्या कागदावरून जन्मदर २१ उचलला त्याच कागदात, असंही आहे की २००० सालापर्यंत सगळ्या बाळंतिणींची सुटका शिकलेल्या हातांनी व्हावी, सगळ्या गरोदर बायांना धनुर्वाताची सुई मिळावी, आणि कमी वजनाची पोरं शंभरात दहापेक्षा जास्त जन्मू नयेत. कमी वजनाचं पोर कशानं जन्मतं? आईच्या पोटात अन्न नसतं म्हणून. म्हणजे आईला जेवण मिळण्याचं ध्येयसुद्धा त्यात आलंच की! ती ओळ तक्त्यावर का नव्हती?

आता तुमच्या पाड्यापासून उपकेंद्र किती लांब ते मोजा. इमारत आहे का? दाराला कुलूप आहे का? नर्स मुक्कामाला राहते का? पावसाळ्यात नदी भरली की कोण येतं? कागदावर उपकेंद्र आहे आणि जागेवर खोली नाही, असं आमच्या भागात कुणाला नवीन नाही. पोराला झोळीत घालून आम्ही निघालो तेव्हा दिवस उगवत होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथं पोचल्यावर आधी पाढे म्हणायला लावले.

तक्त्यावरचं कुठलं ध्येय पाळलं जायचं?

एकच. ऑपरेशनचं.

तेव्हा मार्च महिना आला की मास्तर शाळा सोडून केस शोधत हिंडायचा. तलाठी सातबाऱ्याचा उतारा देताना विचारायचा, एखादी केस आहे का? ग्रामसेवक विचारायचा. नर्सबाय विचारायची. बाईची केस झाली, तिला कपाळावर हात ठेवून जीपमधून आणून पाड्याच्या वाटेवर सोडलं, की त्या घराकडं पुन्हा कुणी फिरकायचं नाही. टाके पिकले तरी नाही.

हे आजचं नाही. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचा कायदाच पास केला होता. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो लागू झाला नाही. तेव्हा जास्त करून पुरुषांना धरलं. लोक चिडले, सरकार पडलं. त्यातून सरकार काय शिकलं? पुरुषांना धरू नये, एवढंच. आता बहुतेक ऑपरेशनं बायांचीच होतात.

आम्ही कुटुंबनियोजनाच्या विरोधात नाही. दर वर्षी बाळंतपण सोसणं काय असतं ते आपल्या बायांना विचारा. त्यांना पाळणा लांबवायचा असतो, पण तिच्या मर्जीनं, तिला कळेल असं सांगून, आणि आहेत ती पोरं जगतील याची खात्री देऊन. पाच जन्मली तर दोन हाताला लागतील, हे ज्या आईनं डोळ्यानं बघितलंय तिला 'दोनवर थांब' म्हणायला तोंड कसं होतं? आधी पोरं जगवून दाखवा. थांबायचं ती आपली आपण ठरवील.

नर्सबायला शिव्या देऊन आपलं काम होणार नाही, हेही लिहितो. तिच्या माथी किती वाड्या-पाडे मारलेत ते बघा. राहायला धड खोली नाही, पाणी डोक्यावरून आणते, रात्री एकटी बाई. वरून तेव्हा टार्गेट असायचं. केस पुरी झाली नाही तर पगार अडवायची धमकी. तिच्या हातात औषध कमी आणि रजिस्टरं जास्त. ती आपली दुश्मन नाही. तिला आपल्याकडं माणूस म्हणून न पाठवता वसुलीला पाठवणारे वर बसलेत.

सरासरीचा खेळ

साहेब जाताना म्हणाले, महाराष्ट्र ध्येयाच्या जवळ पोचलाय. खोटं नाही. १९९१ च्या सुमारास देशाचा बालमृत्यूचा आकडा ८० होता, आणि महाराष्ट्राचा साठच्या आसपास आला होता. पण तो काढतात कसा? काही नमुन्याची गावं आणि शहरं घेतात, तिथली नोंद धरतात आणि साऱ्या राज्याची सरासरी काढतात. त्यात मुंबई येते, पुणे येतं, साखर कारखान्याचा मुलूख येतो. एकाच्या ताटात चार भाकऱ्या, दुसऱ्याच्या ताटात एकही नाही, तर सरासरी दोन भाकऱ्या. कागदावर दोघंही जेवले.

आपल्या पाड्याचा हिशोब असा करा. समजा वर्षात दहा पोरं जन्मली आणि त्यातलं एक वर्षाच्या आत गेलं. हजाराला किती? शंभर. दोन गेली तर दोनशे. म्हणजे ज्या पाड्यात दहात एक पोर गेलं तो पाडा साठच्या ध्येयाच्या कितीतरी मागं आहे, मग राज्याचा आकडा काही असो. डोकरीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ती साठ कुठली धरलीत? मुंबईत कमी, आपल्याकडं जास्त, आणि मिळून साठ. आपल्या जास्तीवर तिकडच्या कमीचं पांघरूण घातलंय.

आणि आपल्याकडची नोंद तरी होते का? पोर जन्मून दोन दिवसांनी गेलं तर 'मेलेलं जन्मलं' असं लिहिलेलं आम्ही पाहिलंय. मेलेलं जन्मलं म्हणजे बालमृत्यूत धरायचं नाही. कितीतरी पोरं तर जन्मली पण नाहीत आणि मेली पण नाहीत, कारण त्यांचं नाव कुठल्याच वहीत नाही.

अडाणी कोण?

प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं. 'हे लोक अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत, म्हणून पोरं मरतात.'

आपल्या चुका आपण आधी बोलू. ताप आला की आपण आधी भगताकडं जातो, आणि तो नारळ-कोंबडं मागतो तोवर दोन दिवस जातात. पोराचं पोट फुगलं की डाग देतो. हगवण लागली की पाणी तोडतो, आणि पाणी तुटलं की पोर सुकून जातं. मीठ-साखरेचं पाणी चमच्या चमच्यानं पाजलं तर कितीतरी पोरं हाताला लागतील. ही गोष्ट आपणच आपल्या बैठकीत शिकवली पाहिजे, साहेबाची वाट बघायची नाही. दारूत घरचं धान्य जातं, तेही बोलू.

पण भगताचं दार रात्रीही उघडं असतं आणि उपकेंद्राला दिवसा कुलूप असतं, हे कुणी बोलायचं? भगत पाड्यात राहतो. तो आपल्या बोलीत बोलतो, पोराला हात लावतो. दवाखान्यात टेबलाच्या पलीकडून, हात न लावता, चिठ्ठी मिळते. भगताची सवय मोडायची असेल तर भगतापेक्षा जवळ या.

पोराला लसीचे तीन डोस पुरे करा, असं तक्ता सांगतो. बरोबर आहे. पण आपण दिवाळी झाली की जगायला बाहेर पडतो. वीटभट्टीवर, रेतीवर. पहिला डोस पाड्यात, दुसऱ्याच्या वेळी पोर भट्टीवर, तिसऱ्याच्या वेळी कुठं ते शेठजीला माहीत. भट्टीवर कुठली नर्स येत नाही. मग रजिस्टरात शेरा पडतो, 'पालक उदासीन'. उदासीन नाही हो, पालक उपाशी आहेत!

एक उदाहरण आणखी. आपल्याकडं संध्याकाळ झाली की काही पोरांना दिसत नाही, चाचपडत चालतात. रातांधळेपणा. त्याला अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी एक ते पाच वर्षांच्या पोरांना द्यायचा, ही योजना १९७० साली सुरू झाली. आम्ही बैठकीत विचारलं, हा गोड तेलकट डोस कुणाच्या पोराला मिळालाय? थोडेच हात वर झाले. हे दवाखान्याचं झालं. पण अ जीवनसत्त्व पालेभाजीतही असतं. पावसाची सुरुवात झाली की आपल्या आया रानातून टाकळा, कुर्डू आणायच्या, नदीचे मासे-खेकडे आणायच्या. ते रान आता कुणाचं झालं? तारेच्या आत गेलं. आधी भाजी तोडायची आणि मग भाजी खा म्हणून शिकवायचं!

एका ध्येयानं दुसरं खाल्लं

इथं जमिनीचा प्रश्न येतो. 'दवाखान्याच्या लेखात जमीन कशाला आणता?' असं विचारणारे विचारतील. आम्ही आणत नाही. आल्मा-आटाच्या जाहीरनाम्यातच आहे की आरोग्य हे एकट्या दवाखान्याचं काम नाही. त्यात शेती, जनावरं, अन्न, घर, शिक्षण, रस्ते, हे सगळं धरलंय. तक्त्यावर शेतीची ओळही नव्हती.

सरकारचं आणखी एक राष्ट्रीय ध्येय आहे. १९८८ चं वन धोरण. देशाची एक तृतीयांश जमीन जंगलाखाली पाहिजे, आणि डोंगराळ भागात दोन तृतीयांश. हे ध्येय घेऊन फॉरेस्टवाले आपल्या प्लॉटवर येतात. उभ्या नागलीत चर खणतात, साग लावतात. कारखान्याच्या जमिनीवर साग लावायला कुणी जात नाही. तेहतीस टक्के पुरे करायचे ते आपल्या नागलीतून, वरईतून.

प्लॉट गेला म्हणजे काय गेलं? चार-सहा महिन्यांचं धान्य गेलं. मग माणसं लवकर जगायला जातात. गरोदर बाई भट्टीवर विटा वाहते. पोर कमी वजनाचं जन्मतं. गोवर नाहीतर हगवण येते आणि घेऊन जाते. रजिस्टरात कारण लिहितात हगवण. चर खणल्याचं कुणी लिहीत नाही. वनखात्याचं ध्येय पुढं सरकलं आणि आरोग्यखात्याचं मागं गेलं, आणि दोन्ही खात्यांचे साहेब आपापल्या मीटिंगमध्ये आपल्यालाच दोष देतात.

गंमत बघा, इथंही अर्धंच शिकवलं. त्याच वन धोरणात लिहिलंय की जंगलालगत राहणाऱ्या आदिवासींच्या सरपणाचा, चाऱ्याचा, गौण उपजाचा आणि घराच्या लाकडाचा हक्क पहिला. आणि १९९० च्या सप्टेंबरात दिल्ली सरकारनं परिपत्रक काढलं की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीची, नियमात बसणारी अतिक्रमणं कायम करावीत. गार्डानं हे कधी सांगितलं का? त्याला तेहतीस टक्के तेवढे पाठ. आरोग्याच्या तक्त्यावर कर्तव्य, जंगलाच्या नकाशावर कर्तव्य. हक्काचं पान दोन्हीकडं फाडलेलं.

केरळात बालमृत्यूचा आकडा विसाच्याही खाली आलाय. तिथं औषधं काही जास्त गोड नाहीत. कुळांना जमीन मिळाली, रेशन गावोगाव पोचलं, पोरी शाळेत गेल्या, आणि दवाखाना बंद असला तर लोक डॉक्टरला जाब विचारायला जातात. पण तिथल्याही आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत द्यायचा कायदा १९७५ साली झाला आणि कागदावरच राहिला. म्हणजे चांगल्या सरासरीच्या राज्यातसुद्धा आपल्याच माणसाला वगळायची रीत आहे. जमीन भांडल्याशिवाय कुणी दिली नाही, आरोग्यही कुणी देणार नाही.

ध्येय पुरं होतं ते कसं?

कुणी म्हणेल, एवढा मोठा देश, ध्येयं कुठली पुरी व्हायची? एक झालेलं आहे. देवी. १९७५ साली देशात देवीचा शेवटचा पेशंट सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. ते पाढे म्हणवून झालं नाही. घराघरात जाऊन विचारलं. देवीची खबर देणाऱ्याला बक्षीस दिलं. पोरासोरांनी सांगितलेलंही ऐकलं, आणि खबर आली की माणसं तिथं धावली.

आता मलेरिया बघा. १९५८ साली निर्मूलन जाहीर केलं. १९६५ पर्यंत देशात वर्षाला लाखभर पेशंट उरले. मग साहेबांना वाटलं, झालंच. ढिलाई आली, फवारणी आणि तपासणी मागं पडली, डास औषधाला दाद देईनात. १९७६ साली पेशंट ६४ लाखांवर गेले. त्यानंतरही कित्येक वर्षं कार्यक्रमाचं नाव 'निर्मूलन'च होतं. आपल्याकडं बोटातलं रक्त घेऊन जातात, आणि काचेचा रिपोर्ट येतो तोवर माणूस एकतर बरा होतो नाहीतर जातो.

आम्ही नेलेल्या त्या पोराला मलेरियाच होता. गोळ्या बाहेरून आणायला सांगितल्या. वर्गणी काढून आणल्या. पोर जगलं. पण त्या दिवशी रांगेत आमच्या मागं बसलेल्या बाईकडं वर्गणी काढणारं कुणी नव्हतं.

आता करायचं काय?

प्रत्येक पाड्यानं एक वही घालायची. शंभर पानी, दुकानात मिळते ती. पाड्यातलं शिकलेलं पोर किंवा पोरगी लिहील, दोन बाया आणि एक डोकरा साक्षीला बसतील. वहीत पाच गोष्टी लिहायच्या.

१. कोण जन्मलं, कुठल्या दिवशी, सुटका कुणी केली.

२. कोण वारलं, वय काय, काय झालं होतं, कुठं नेलं होतं, औषध मिळालं का. जन्मून एक दिवस जगलेलं पोरसुद्धा लिहायचं.

३. नर्स आणि डॉक्टर कुठल्या दिवशी आले. आले नाहीत ते महिने कोरे ठेवायचे.

४. कुठलं औषध बाहेरून विकत आणायला लावलं आणि किती पैसे गेले.

५. त्या वर्षी कुणाचा प्लॉट मोडला, कोण जगायला कुठं गेलं.

पाचवी गोष्ट विसरू नका. जमिनीचा आणि मरणाचा संबंध एका पानावर आला की साहेबाला 'अडाणी' म्हणता येणार नाही.

जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडं वेळेवर करा. वेळेवर नोंद केली की उतारा फुकट मिळायला पाहिजे, तसा १९६९ चा कायदा आहे. पैसे मागितले तर तेही वहीत लिहा.

सरकारकडं आमच्या मागण्या अशा:

दवाखान्यातल्या भिंतीवर लोकांची कर्तव्यं लावली आहेत, त्याच्या शेजारी सरकारची कर्तव्यं तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावा. लोकसंख्या किती, मंजूर उपकेंद्रं किती, भरलेल्या जागा किती, साठ्यात औषध काय, हे दर महिन्याला फळ्यावर लिहा.

ऑपरेशनचं टार्गेट मास्तर, तलाठी, नर्स यातल्या कुणावरही टाकू नका. सातबारा, रेशन, रोजगार हमीचं काम, यातलं काहीही केसवर अडवू नका.

नर्सला राहायला घर आणि हातात औषध द्या.

वीटभट्टीवर आणि रेतीवर लसीची सोय करा. आम्ही जिथं जातो तिथं डोस पाठवा.

तालुक्याचा, पाड्यापाड्याचा बालमृत्यूचा आकडा वेगळा काढून जाहीर करा. राज्याची सरासरी आम्हाला सांगू नका.

१९८० च्या आधीचे प्लॉट नावावर करा. पोरांच्या आरोग्यासाठी आम्हाला सगळ्यात आधी हे औषध पाहिजे.

हे लिहिलं तेव्हा, १९९१ साली, २००० साल यायला नऊ वर्षं उरली होती. त्या वर्षी जन्मलेलं पोर २००० साली तिसरी-चौथीत असणार होतं, जगलं तर. 'सर्वांसाठी आरोग्य' यातल्या 'सर्वां'त ते आहे का नाही, हे तक्त्यावरून कळत नाही. ते आपल्या वहीवरून कळेल.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं वही घेऊन यायचं. दहा पाड्यांच्या वह्या झाल्या की सगळे मिळून त्याच दवाखान्यात जाऊ. बाजाराच्याच दिवशी. साहेबांना खुर्ची देऊ, पाणी देऊ आणि म्हणू, त्या दिवशी तुम्ही शिकवलंत, आज आम्ही शिकवतो. पहिल्या पानापासून वाचू. डोकरी पुढं बसणार आहे. साठ कुठली, ते या वेळी तीच सांगणार आहे.

जमीन आमच्या हक्काची!
दवाखाना आमच्या हक्काचा!
जिंदाबाद!